कलाकारांची पीएचडी पहिल्याच कागदावर अडते

महोदय,

वस्त्यांमध्ये पथनाट्ये, भित्तिचित्रे करणाऱ्यांना काम सांभाळून त्याच कामावर पीएचडी करता येते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीत अर्धवेळ पीएचडीला मान्यता आहे: किमान 3 वर्षे, कोर्सवर्क (संशोधनाआधीचा वर्गातला अभ्यासक्रम) किमान 12 क्रेडिट. मात्र नोकरीच्या ठिकाणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळे करू, असे त्यात लिहून हवे. ज्याला मालकच नाही, त्या स्वतंत्र कलाकाराने ते कुठून आणायचे? त्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरावे.

पुढची अडचण पुराव्याची. काम संपल्यावर फोटो गोळा करून प्रबंध उभा राहत नाही. कोण आले, कोण मध्येच सोडून गेले, भिंतीवरचे चित्र कोणाच्या हरकतीमुळे बदलले, याची तारीखवार नोंद पहिल्या दिवसापासून हवी. लोकांची संमतीही कामाआधीच, साध्या गुजरातीत वाचून दाखवून घ्यावी. नंतर घेतलेली सही ही संमती नव्हे.

बडोद्यात ललित कला आणि समाजकार्य या दोन्ही विद्याशाखा एकाच विद्यापीठात आहेत. सहमार्गदर्शक समाजकार्यातला दिल्यास परीक्षणात ‘यात संशोधन कुठे आहे?’ हा प्रश्न ऐनवेळी आडवा येणार नाही.

— काही कलाशिक्षक, बडोदा