टाकीची शिडी आणि तिचे बोल्ट डुप्लेक्स स्टीलचेच घ्यावेत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सोसायटी, मांडवी, रत्नागिरी

विषय: गच्चीवरील टाकीची शिडी व कठडा यांसाठी आलेली कोटेशन्स

महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या सभेत डुप्लेक्स स्टीलच्या नमुन्याला चुंबक चिकटला आणि हे खरं स्टेनलेस नाही, असं म्हणून ते कोटेशन बाजूला ठेवलं गेलं. अंतिम निर्णय होण्याआधी माझं म्हणणं समितीपुढे यावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत टाक्या आणि पाइपलाइनच्या फॅब्रिकेशनमध्ये माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे या मालाशी माझा जवळचा संबंध आला आहे.

चुंबकाची परीक्षा इथे लागूच पडत नाही. आपल्या घरातल्या भांड्यांचं ३०४ स्टील ऑस्टेनाइट प्रकारचं (धातूच्या आतल्या कणरचनेचा एक प्रकार) असतं, त्याला चुंबक जवळपास लागत नाही. डुप्लेक्समध्ये साधारण निम्मा भाग ऑस्टेनाइट आणि निम्मा फेराइट या दुसऱ्या रचनेचा असतो. फेराइट चुंबकाला धरतं, म्हणजे नमुन्याला चुंबक चिकटायलाच हवा होता. उलट बाजारात २०२ ग्रेडचे पाइप सर्रास मिळतात. त्यांत महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्यांनाही चुंबक लागत नाही, पण समुद्रकाठी ते टिकत नाहीत. चुंबकाच्या भरवशावर आपण चांगला माल परत पाठवू आणि २०२ गच्चीवर चढवू, ही माझी खरी काळजी आहे.

कोटेशनमधल्या २२०५ ग्रेडमध्ये सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मोलिब्डेनम आणि थोडा नायट्रोजन असतो. मिठातलं क्लोराइड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतं. त्याला धातू किती दाद देणार नाही, हे या घटकांवरून काढलेल्या एका अंकाने मोजतात: क्रोमियम, अधिक ३.३ पट मोलिब्डेनम, अधिक १६ पट नायट्रोजन. ३०४ चा अंक १८-१९ च्या आसपास येतो, ३१६ चा (३०४ सारखंच, पण मोलिब्डेनम घातलेलं स्टील) २४-२५ आणि २२०५ चा ३५ च्या घरात. हाँगकाँगच्या स्टोनकटर्स पुलाच्या मनोऱ्यांचं वरचं आवरण आणि सिंगापूरचा हेलिक्स पूल याच जातीच्या स्टीलचे आहेत, आणि दोन्ही खाऱ्या हवेत उभे आहेत.

तरीही सगळं काम डुप्लेक्समध्ये करा, असं मी म्हणत नाही. किलोमागे ते महाग आहे आणि आपल्याला लागतं तेवढं थोडं बहुधा मुंबईहून मागवावं लागेल. गच्चीचा कठडा उघड्यावर आहे. पावसाचे चार महिने तो आपोआप धुऊन निघतो. तिथे गुळगुळीत फिनिशचं ३१६ पुरेल. पावसाळा संपला की अधूनमधून नळीने गोड्या पाण्याने तो धुवायची व्यवस्था मात्र हवी. नाहीतर त्यावर चहाच्या रंगाचे डाग चढतील.

शिडीचं तसं नाही. ती टाकीच्या आडोशाला आहे, वारा तिथे मीठ आणून ठेवतो आणि पाऊस ते धुऊन नेत नाही. टाकीच्या आतल्या शिडीला तर वरच्या दमट पोकळीत क्लोरीनची वाफ लागत राहते. आताच्या लोखंडी शिडीचे बोल्ट जिथे भिंतीत शिरतात तिथलं काँक्रीट फुगून सुटलं आहे, ते आपण पाहिलंच असेल. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. त्या बोल्टांवर टाकी धुणारा माणूस चढतो.

साध्या स्टेनलेसला आणखी एक धोका असतो. सतत ताणाखाली असलेल्या भागाला क्लोराइडमुळे तडे जातात, तेही वरून फारसं काही न दिसता. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तरणतलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली. ते छत पेलणाऱ्या स्टेनलेस सळ्यांना असेच तडे गेले होते. आपल्या टाकीची अवस्था इतकी कठीण नाही, आणि डुप्लेक्सही अमर नाही. पण या तड्यांना ते ३०४ आणि ३१६ पेक्षा पुष्कळ जास्त तोंड देतं. म्हणून शिडी, तिचे ब्रॅकेट आणि विशेषतः भिंतीत रुतणारे अँकर बोल्ट २२०५ चेच असावेत.

ठेकेदाराने डुप्लेक्सची ताकद दुप्पट सांगितली आहे, ते खरं आहे. ३०४ किंवा ३१६ कायमचं वाकायला सुरुवात होते ती सुमारे २०५ मेगापास्कल (ताणाचं माप) ला, २२०५ ची हमी ४५० ची असते. त्यामुळे ब्रॅकेटची जाडी काही कमी करता येईल आणि किमतीतला फरक थोडा भरून निघेल. पायऱ्यांचे पाइप मात्र पातळ करू देऊ नका. भाराखाली लवण्याच्या बाबतीत दोन्ही स्टील जवळपास सारखीच आहेत, पातळ पायरी पायाखाली हलेल.

वेल्डिंगवर लक्ष ठेवावं लागेल. डुप्लेक्सला २२०९ ची फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, लागते. एका थरानंतर दुसरा थर देण्याआधी जोड १५० अंशांच्या खाली येऊ द्यावा लागतो, नाहीतर धातू ठिसूळ होतो आणि त्याची गंजरोधक शक्ती जाते. जोडावरचा निळा-काळा रंग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून धुतला पाहिजे. लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती या कामाला अजिबात नको, तिचे कण रुतले की तिथूनच गंज धरतो. हे काम गच्चीवर न करता वर्कशॉपमध्ये व्हावं आणि गच्चीवर फक्त बोल्ट आवळावेत.

माल घेताना हीट नंबरसह (धातूच्या त्या ओतणीचा क्रमांक) स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागावं, पाइपवर छापलेला नंबर त्याच्याशी जुळवावा आणि हातातल्या एक्स-रे यंत्राने धातू तपासून द्यायची अट वर्क ऑर्डरमध्ये घालावी. पुढच्या सभेत बाजूला ठेवलेलं कोटेशन पुन्हा विचारात घ्यावं, ही विनंती. माल उतरेल त्या दिवशी तपासणीला मी स्वतः उभा राहीन. आणि नवी शिडी बसेपर्यंत जुन्या शिडीवर कोणालाही चढवू नये, टाकी धुण्याचं काम तोवर पुढे ढकलावं.

आपला नम्र,
एक सभासद, ब विंग