ताई, तिसरा गिअर का निसटत होता ते सांगतो

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पैसे मिळाले आणि आज सकाळीच छोटूकडून परत तुझ्या खात्यावर टाकायला लावलेत, मेसेज आला असेल. रागावू नको बाळा. ते एम.टेक.च्या फीसाठी साठवलेले पैसे आहेत हे मला माहितीये, आणि आपल्या टाटा ४०७ टेम्पोला अजून पुष्कळ आयुष्य आहे. तू फोनवर म्हणलीस, पप्पा विका ती गाडी, नवीन पिकअप घेऊ, डाउनपेमेंटचं मी बघते, तेव्हा मी गप्प बसलो कारण गिअरबॉक्स शेडमध्ये सुटा पडला होता आणि दुखणं कुठं आहे ते मलाच कळलं नव्हतं. आता कळलंय. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, मध्येच रेंज जाते, म्हणून सविस्तर लिहितोय, सावकाश वाच.

तुला आठवत असेल, मार्चमध्ये द्राक्षं घेऊन वाशीला जाताना कसारा घाटात तिसरा गिअर निसटायला लागला. उतारावर ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की लिव्हर खाडकन न्यूट्रलला. मागं माल भरलेला, पुढं वळण, आणि इंजिनचा ब्रेकच गेला म्हणजे सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, तो तापला की संपलं. त्या दिवशी मी लिव्हर हाताने दाबून धरत, दुसऱ्यावर टाकत गाडी खाली उतरवली आणि घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही, तूही सांगू नको.

आता यातली मुख्य गोष्ट अशी की हेच दुखणं आधी एकदा झालेलं. तेव्हा गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खोलून तिसऱ्याचा गिअर, त्याच्यावर सरकून बसणारी स्लीव्ह, पितळी रिंग सगळं नवीन टाकलं, भरपूर बिल दिलं, गाडी छान चालली आणि दोन सीझनमध्ये परत तेच. यावेळी गॅरेजवाला म्हणे गिअरबॉक्सच बदला, जुना बाजारातला आणून देतो. मी म्हणलं थांब. नवीन टाकलेला गिअर दोन सीझनमध्ये जातो म्हणजे गिअर बिचारा मार खातोय, मारणारा दुसराच कोणीतरी आहे. तुझ्या मामाला विचारलं. तो ओझरला एचएएलमध्ये आयुष्यभर फिटर होता, त्याचं एकच म्हणणं, विमानाचा पार्ट काढला की तो का गेला हे कागदावर आल्याशिवाय नवीन बसत नाही, तुम्ही गाडीवाले काढता आणि फेकता. मग आम्ही दोघांनी ठरवलं की पाऊस सुरू व्हायच्या आत शेडमध्येच खोलायचा, आणि पार्ट बदलायला नाही तर कारण शोधायला खोलायचा.

खोलायच्या आधी मामाने गाडी उभ्या उभ्या ऐकायला लावली. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, क्लचवर पाय नाही, तर घरघर आवाज. क्लच दाबला की आवाज बंद. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लच दाबणाऱ्या बेअरिंगचा. दाबल्यावर बंद होतो म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या आत आहे, कारण क्लच दाबला की आतलं फिरणं थांबतं. ही परीक्षा फुकट आहे, एक पानासुद्धा लागत नाही, आणि गॅरेजमध्ये ती कोणी केलेली मला आठवत नाही.

मग गाडी सपाट कोब्यावर घेतली, चारी बाजूंनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, बॅटरीची वायर काढली. ताई, जॅकवर उभ्या गाडीखाली मी कुणालाच जाऊ दिलं नाही, खाली लोखंडी स्टँड आणि सागाचे ओंडके लावूनच शिरलो, हे तुझ्या आईसाठी लिहितोय, तिला फोनवर वाचून दाखव. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडायच्या आधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर पंचने खूण केली, म्हणजे बसवताना जसाच्या तसा बसतो, नाहीतर गाडी पळताना थरथरते. तेल घमेल्यात काढलं. पहिली गोष्ट तिथंच दिसली, तेल फार कमी निघालं. आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडाचा काळा चिखल, तो तर थोडाफार प्रत्येक गाडीत असतो, पण घमेलं उन्हात तिरपं केलं तर तेलात सोनेरी चमकी फिरत होती. ते पितळ. रिंगांचं पितळ.

गिअरबॉक्स खाली उतरवणं हे ताकदीचं काम नाही, जुळवून घ्यायचं काम आहे. शेडच्या आढ्याला चेन ब्लॉक लावला, खालून जॅक, आणि हाउसिंगचे बोल्ट सुटल्यावर तो सरळ मागं ओढायचा. अर्ध्यावर लोंबकळत सोडला तर सगळं वजन पुढच्या शाफ्टवर येतं आणि क्लचप्लेटचं मधलं हब वाकतं, म्हणून छोटूला मी एकच काम दिलं होतं, जॅकचा दांडा सोडायचा नाही. पोराने चांगलं केलं हो काम. इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हणतो पण हात त्याचा शांत आहे.

वरचं कव्हर काढताना त्यावर कपडा धरायचा. आत सिलेक्टरच्या, म्हणजे गिअर पाडणाऱ्या, दांड्यांवर स्प्रिंग आणि गोळी असते, ती गिअर जागेवर धरून ठेवते, कव्हर उचललं की गोळी उडून शेतात जाते. दोन दांड्यांच्या मध्ये एक बारीक पिन असते ती तर अजून महत्त्वाची, ती नसेल तर दोन गिअर एकदम पडू शकतात आणि बॉक्स जाम. आम्ही स्टीलच्या ताटात जुना टॉवेल अंथरून त्याच्यावर सगळं ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने मांडलं आणि छोटूने प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढले. गोळ्या, स्प्रिंगा, स्लीव्ह ढकलणारे फोर्क, सगळं ठीक होतं, फोर्कची टोकं थोडी घासलेली पण चालणारी.

आता तिसरा गिअर. हा बघताना मला खरं समजलं की सिंक्रो म्हणजे काय. पितळी रिंग गिअरच्या उतरत्या कोनावर बसते. आपण लिव्हर ढकलतो तेव्हा रिंग कोनाला घासून गिअरचा आणि शाफ्टचा वेग एक करते, वेग जुळला की मगच स्लीव्ह पुढं सरकून गिअरच्या बारीक दातांवर चढते. रिंगच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात, तेलाचा थर कापायला. बोट फिरवलं की नवीन रिंगला ते आटे टोचतात, आमची रिंग आतून गुळगुळीत झाली होती, कोनावर दाबून पिळली तर पकडतच नव्हती, नुसती फिरत होती. मामाने फिलर गेजने रिंग आणि गिअरच्या मधली फट मोजली, रिंग झिजली की ती फट कमी होत जाते, मॅन्युअलमधल्या मापाच्या बरीच खाली गेलेली. आणि गिअरचे ते बारीक दात, ज्यांच्या कडा धारदार पाहिजेत, ते एका बाजूने गोल झालेले. एकाच बाजूने. तिथं मामा थांबला. म्हणे गिअर खराब असता तर सगळीकडून सारखा झिजला असता, हा तिरपा झिजलाय, म्हणजे शाफ्ट सरळ फिरत नाहीये.

मेनशाफ्ट, म्हणजे हे गिअर ज्यावर बसतात तो वरचा शाफ्ट, हातात धरून हलवला. मागच्या बेअरिंगमध्ये खुळखुळा. डायल गेज लावायची गरजच नव्हती, हाताला कळत होतं. स्लीव्हचे दात थोडे उलट्या उताराचे केलेले असतात, म्हणजे भार आला की ती गिअरवर अजून घट्ट ओढली जाते. पण शाफ्टच डुलायला लागला तर भार तिरपा येतो, दात कडेने घासतात, कडा गोल झाल्या की पाय काढल्या काढल्या गिअर बाहेर. म्हणून उतारावर निसटत होता. गॅरेजवाल्याने नवीन गिअर टाकला तो याच डुलणाऱ्या शाफ्टवर टाकला.

मग बेअरिंग का गेलं? तेल कमी होतं म्हणून. गिअरबॉक्समध्ये पंप नाही, खालच्या शाफ्टचे गिअर तेलात बुडालेले असतात आणि फिरताना तेल वर उडवतात, वरच्या शाफ्टला मिळतं ते एवढंच. पातळी खाली गेली की उडवायला काही उरत नाही, आणि घाट उतरताना जे आहे ते पुढं वाहतं, मागचं बेअरिंग कोरडं. तेल कमी का झालं? मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गळत होतं, प्रोपेलरच्या फ्लँजवर सगळा चिकट काळा थर. पण सील तर त्या गॅरेजच्या कामात नवीन टाकलेलं, बिलात आहे. मग नवीन सील का गळलं?

इथं आम्ही जेवायला उठलो. आईने बाजरीची भाकरी आणि शेवग्याची भाजी केली होती, जेवताना दोघंही गप्प. हात धुताना मामा एकदम म्हणाला, दाजी, ब्रीदर बघितला का?

ब्रीदर म्हणजे वरच्या कव्हरवर टोपीसारखी एक छोटी वस्तू, आत भोक. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, ती या भोकातून बाहेर जाते. आम्ही डिझेलने कव्हर धुतलं तर टोपी हलेना. तुला माहितीये, ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, आणि त्या तपासणीच्या, म्हणजे पासिंगच्या आधी पेंटर खालून सगळ्या चेसिसला काळा रंग फवारतो, दिसायला नवी दिसावी म्हणून. तो रंग टोपीवर बसला, त्याच्यावर शेतातला चिखल, त्याच्यावर पुढच्या वर्षीचा रंग. नखाने खरवडलं तर रंगाचे थर पापुद्र्यासारखे निघाले, काळा, माती, काळा, माती. खाली भोक पूर्ण बंद. हवेला जायला जागा नाही तर ती सीलच्या ओठाखालून तेल घेऊन बाहेर पडणार, कितीही नवीन सील टाका.

बघ ताई, बारीक तारेने साफ होणारं एक भोक, त्याच्यापायी सील, सीलपायी तेल, तेलापायी बेअरिंग, बेअरिंगपायी तिसरा गिअर, आणि वरून म्हणे गिअरबॉक्सच बदला. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की काय सांगू. कुणाला नावं ठेवण्याचा विषय नाही, गॅरेजवाल्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात, तो एवढा वेळ कुठून देणार. वेळ आपल्याकडे होता.

पुढचं सगळं सरळ होतं. बेअरिंग काढणं-बसवणं घरी केलं नाही, सातपूरला प्रेसवाल्याकडे नेलं, हातोडीने ठोकलेलं बेअरिंग बसतं पण आतल्या गोळ्यांना मार लागतो. पार्ट नाशिकच्या द्वारका चौकातून आणले, तिसऱ्याचा गिअर, स्लीव्ह, सगळ्या रिंगा, चारही बेअरिंगं, सीलं, पॅकिंगचा सेट. गिअरबॉक्स खाली होताच म्हणून क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घेतलं, त्यासाठी परत कोण उतरवणार. एका गोष्टीवर मात्र दुकानदाराशी वाद झाला. तो म्हणे जीएल ५ तेल घ्या, भारी आहे. भारी असेल, पण त्यात गंधक-फॉस्फरसची औषधं जास्त असतात, मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन गिअरला ती चांगली, पितळी रिंगांना ती खाऊ शकतात. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घेतलं, ८०डब्ल्यू ९०, जीएल ४. तू मेकॅनिकल शिकलीस, हे बरोबर आहे का ते तुझ्या सरांनाही एकदा विचार, मला त्यांचं मत ऐकायचंय.

बसवल्यावर आधी रिकामी गाडी मखमलाबादहून गिरणाऱ्यापर्यंत नेली, मग टोमॅटोचे क्रेट भरून, आणि गेल्या आठवड्यात पूर्ण माल घेऊन कसारा उतरलो. मुद्दाम तिसऱ्यावर ठेवली, लिव्हरवरचा हात काढला, पाय काढला. हलली नाही. खाली खर्डीला चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली वाकून सीलला बोट लावलं, कोरडं. मामाला तिथूनच फोन केला, तो नुसता बरं म्हणाला, पण मग अर्ध्या तासाने त्याचाच फोन, परत एकदा विचारायला, खरंच कोरडं का म्हणून.

मागच्या क्राउनच्या हाउसिंगलाही असाच ब्रीदर असतो, तोही अर्धा बुजलेला निघाला, साफ केलाय. यावर्षी पासिंगच्या रंगाआधी दोन्हींवर चिकटपट्टी लावायची असं छोटूने शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

एक काम आहे. गिअर लिव्हरच्या खालचा बुश ढिला झालाय, त्यामुळे लिव्हर हातात थरथरते, बाकी त्रास काही नाही. इथं मिळाला तो मापात बसेना. रविवारी वेळ मिळाला तर नाना पेठेत विचारून बघ, जुन्या बुशचा फोटो आणि माप छोटू तुला पाठवतोय. मिळाला तर दिवाळीला येताना घेऊन ये, आपण दोघं मिळून बसवू. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला गाडीखाली शिरावं लागत नाही, आईला तसं सांगून ठेव.

तुझे,
पप्पा