वेव्ह हिलची जमीन कुणाची?

महोदय,

ऑस्ट्रेलियातील अवाढव्य गुरांच्या कुरणांबद्दल लिहिताना गोऱ्या मालकांची नावे क्रमाने दिली जातात. त्याआधी हजारो वर्षे तिथे राहणारे लोक त्या यादीत नसतात, हे मला फार खटकते.

नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिलचेच पाहा. १८८३ मध्ये नॅथॅनियल ब्युकॅनन याने तिथे गुरे आणली, १९१४ मध्ये ब्रिटनच्या व्हेस्टी घराण्याने ते कुरण घेतले. जमीन तिथल्या मूळ रहिवासी गुरिंदजी लोकांची. पण तेच तिथे पीठ, साखर, चहाच्या शिध्यावर आणि नाममात्र पैशांवर राबत होते. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २०० जण काम सोडून निघाले. सगळ्यांना वाटले, मजुरीचा संप आहे. त्यांना तर जमीन हवी होती! १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. तरी ते त्याच कुरणातल्या वॉटी क्रीकला, म्हणजे दागुरागूला, ठाण मांडून राहिले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगिआरींच्या ओंजळीत माती ओतली. मिळाला मात्र भाडेपट्टा, तोही काही भागाचाच. त्या भागाची पूर्ण मालकी यायला १९८६ उजाडले.

उरलेल्या वेव्ह हिलवरचे पारंपरिक हक्क फेडरल कोर्टाने मान्य केले २०२० मध्ये. म्हणजे शिकार, विधी, वावर यांचे हक्क गुरिंदजींचे आणि गुरे चारण्याचा पट्टा दुसऱ्याचा. शाळेच्या भूगोलात ऑस्ट्रेलियाचे पशुपालन शिकवताना हा इतिहासही शिकवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर