पुण्याच्या त्या कन्सल्टंटबद्दल

देवगड, भातकापणीचे दिवस

प्रिय बायो,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला वाटलं मी पैशासाठी कां-कू करतोय. तसं नाही. मळ्यात होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

अमेरिकेतल्या मास्टर्सच्या प्रवेशासाठी पुण्याचा तो माणूस आठ विद्यापीठांच्या पॅकेजचे दीड लाख सांगतो, आजच भरले तर वीस हजार सोडतो. दुसरा सगळं फुकट करून देतो म्हणतो. मला फुकटवाल्याची भीती जास्त. तुझी आजी म्हणायची, "देणारो कोण, घेणारो कोण, ता आधी बघ." फुकटवाल्याचं पोट बहुधा विद्यापीठाच्या कमिशनवर चालतं. मग तो तुझ्या सोयीचं नाव सुचवणार की त्याच्या? तू नववीत असताना मी वाशीच्या एका व्यापाऱ्याकडून मोहोरावरच उचल घेतली होती, आठवतं? सगळ्या पेट्या त्यालाच घालाव्या लागल्या, भाव तो सांगेल तो.

दोघांनाही सरळ विचार, कुठल्या विद्यापीठाकडून पैसे घेता का? उत्तर कागदावर माग. अमेरिकेत अशा स्वतंत्र सल्लागारांची आयईसीए ही संघटना १९७६ पासून आहे. मुलाला कुठे पाठवलं म्हणून त्या संस्थेकडून पैसे घ्यायला तिच्या सभासदांना बंदी आहे. सभासद म्हणजे हुशार असं नव्हे, पण निदान कोणाचा माणूस ते कळतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुण्याच्या ह्याला मासळीतलं काय कळतं? त्याच्या भिंतीवर फोटो सगळे कॉम्प्युटर आणि एमबीएवाल्यांचे. शिरगावातून मासळीच्या विषयात बी.एफ.एस्सी. केलेल्या मुलीची वाट निराळी. तूच सांगितलंस ना, तुमच्या विषयात संशोधनाच्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी आधी प्राध्यापक गाठावा लागतो. त्याच्याकडे जागा आणि निधी असेल तर असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता त्याच्याकडे पगारी काम, मिळते, फीचा भार हलका होतो. प्राध्यापकच तयार नसेल तर मार्क असूनही अर्ज पडून राहतो. कन्सल्टंटला एवढंच विचार, प्राध्यापकाला पहिला मेल कधी करायचा आणि त्यात काय लिहायचं. चाचरला तर चहा पिऊन ऊठ. आणि त्याच्या आठ नावांत ऑबर्न विद्यापीठ का नाही, तेही विचार. मत्स्यशेतीचं नाव निघालं की तुमचे सर पहिलं तेच घेतात ना?

भिंतीवरचे फोटो मी धरत नाही. पेटीचा वरचा थर कोणीही चांगला लावतो. त्याच्याकडून गेलेल्या दोघांशी बोल, त्यातला एक त्याने न दिलेला, तू लिंक्डइनवर शोधलेला. कुठे प्रवेश मिळाला ते नको विचारू. नकार आले तेव्हा हा फोन उचलत होता का, ते विचार.

शिफारसपत्रं आम्हीच लिहू, सरांच्या नावाने मेल आयडी काढू, असं तो म्हणाला ते ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. ही खोटी सही झाली गं. उघडकीला आलं तर प्रवेश तुझा जाईल, त्याचं दुकान चालूच राहील. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबच्या मुलांवर परत धाडले जाण्याची पाळी आली, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रं बनावट निघाली. कितीकांना हे काही वर्षांनी कळलं. म्हणून अर्जाचा मेल आणि पासवर्ड तुझाच ठेव, फीही तूच भर. एसओपी, म्हणजे काय आणि का शिकायचं ते सांगणारा अर्जातला निबंध, त्याने वाचावी, खोडावी, पण लिहायची तू. खाडीतल्या कालवांवर चिखलात उभं राहून केलेलं प्रोजेक्ट पुण्यात एसीत बसून तो काय लिहिणार?

आधी मुंबईला जाऊन ये. यूएसआयईएफ ह्या भारत-अमेरिकेच्या शैक्षणिक संस्थेत एज्युकेशनयूएसएचं सल्ला केंद्र आहे, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं. सल्ल्याचे पैसे नाहीत आणि कमिशनही नाही. वेळ ठरवून घे, रात्री रत्नागिरीहून कोकणकन्या पकड. बऱ्याच शेवटच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे मोहोर आणि तुझे अर्ज एकदमच. तुडतुडे मी बघतो, अर्ज तू बघ.

त्यानंतरही कोणी लागलंच तर पॅकेज नको, तासावर घे. चार-पाच तास, एसओपी वाचून घ्यायला. तेवढे पैसे बाजूला काढलेत.

आईने सोलं बांधून दिलीत, शनिवारच्या एसटीने येतील. करारपत्राचा फोटो पाठव. तोवर सही करू नकोस, वीस हजार गेले तरी चालतील.

तुझे,
बाबा