वाळलेल्या यारोविषयी

नॉर्विच, इंग्लंड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. माझ्या फोटोत दिसलेली वाळलेली पिवळी फुले विकतची की घरची, असे तू विचारले होतेस. ती घरचीच आहेत. या झाडाला इथे यारो म्हणतात. ते शेवंतीच्याच कुळातले असून माझ्याकडचे वाण ‘कोरोनेशन गोल्ड’ आहे. तीन फूट उंच दांड्यांवर ताटलीसारखे चपटे गुच्छ येतात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहर टिकतो आणि थंडीत दांडे वाळले तरी मार्चमध्ये बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात.

पहिल्या वर्षी मी शेतकऱ्याच्या घरातल्या सवयीने आळ्यात भरपूर शेणखत घातले. त्याने पाला माजला, दांडे लेचेपेचे झाले आणि पहिल्याच वादळी सरीत सगळे आडवे पडले. या झाडाला हलकी, निचऱ्याची जमीन आणि दिवसभराचे ऊन लागते. पुढच्या वर्षी मी मातीत जाड वाळू मिसळली व खत बंद केले, तेव्हा ते आधाराशिवाय उभे राहिले. दर तीन वर्षांनी ठोंब फोडून लावावा लागतो, एवढेच काय ते कष्ट.

मी खरा फसलो तो तोडणीत. गुलाब कळीतच तोडावा, हे आपल्या हाताला इतके वळण लागलेले की यारोही मी अर्धवट उमललेला असतानाच कापला. आठवड्यात गुच्छ आक्रसून मातकट झाले. गुच्छातले प्रत्येक बारीक फूल उघडून तो बोटांना टणक लागेपर्यंत थांबावे आणि दव उडाल्यावर, कोरड्या दुपारी कापावे. मग पाने काढून दहा-दहा दांड्यांची जुडी रबराने बांधायची, कारण वाळताना दांडे बारीक होतात आणि सुतळीची गाठ सैल पडते. या जुड्या मी अंधाऱ्या, हवेशीर माळ्यावर दोन-तीन आठवडे उलट्या टांगतो. उलट्या टांगल्याने माना सरळ राहतात आणि अंधारामुळे पिवळा रंग विटत नाही.

तुझ्या इमारतींच्या मॉडेलांत झाडे म्हणून वापरायला हेच तुरे उत्तम. तुझ्या धंद्यातले इथले लोक ते रंगवून सर्रास चिकटवतात.

बी परवान्याशिवाय टपालाने पाठवता येत नाही, आणि हे वाण संकरित असल्याने बियांतून तसेच उतरतही नाही. पुण्यात साध्या यारोचे बी मिळाले तर ऑक्टोबरमध्ये कुंडीत पसर, पण वर माती टाकू नकोस. त्याला रुजायला उजेड लागतो. जूनमध्ये मात्र कुंडी छपराखाली घे, कारण थंडीपेक्षा त्याची मुळे साचलेल्या पाण्याने लवकर कुजतात.

तुझा,
बालमित्र