कानाझावातल्या त्या दोघींचे आभार

जपानमधल्या कानाझावा शहराच्या एकविसाव्या शतकातील समकालीन कला संग्रहालयापाशी आईला घेऊन उतरले, तेव्हा धो धो पाऊस होता. थांब्यावरच्या एका आजींनी आपली छत्री आईवर धरली आणि स्वतः भिजत थेट दारापर्यंत आल्या. २००४ साली उघडलेली ही गोल, काचेची इमारत. आत एका ताईंनी न मागता व्हीलचेअर आणली. पाऊस थांबताच लेआंद्रो एर्लिच या कलाकाराच्या ‘जलतरण तलाव’ या कलाकृतीच्या अगदी कडेला आईला नेलं. काचेवर जेमतेम १० सेंटिमीटर पाणी, आणि खाली कोरड्या निळ्या खोलीत माणसं! खालून एका चिमुरड्याने हात हलवला, आईनेही हलवला. गुडघे धरल्यापासून तिला इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं. नावं विचारायची राहूनच गेली. आजी, ताई, तुमचे दोघींचे मनापासून आभार.