करारावर नाव नसले तरी घराचा हक्क आहे

संपादक महोदय,
नांदेडहून किंवा बिहारमधून लग्न होऊन वाकड-हिंजवडीत आलेल्या बाईचे घर बहुधा ११ महिन्यांच्या भाडेकरारावर असते आणि करारात नाव फक्त नवऱ्याचे. वाद पेटला की तो फ्लॅट सोडतो, डिपॉझिट उचलतो. ही मूल कडेवर घेऊन गेटवर, आणि वॉचमन म्हणतो, ‘तुमचं नाव नाही.’

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नावाची अटच नाही! भाड्याचे घरही ‘सामायिक घर’च, म्हणजे ती नवऱ्यासोबत राहिलेली आणि जिथे राहण्याचा तिला हक्क आहे अशी जागा. कलम १९ खाली दंडाधिकारी तिला बाहेर काढायला आणि नवऱ्याला परस्पर हक्क सोडायलाही मनाई करू शकतात. मात्र मुदत संपल्यावर मालकाला अडवणे कठीण, म्हणून त्याच अर्जात तशाच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे मागावे. प्रतिज्ञापत्र जोडून कलम २३ चा अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेशही मागावा. तो राहून गेला, की तारखा पडत राहतात आणि घर हातचे जाते. माहेरी परतली असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

करार आणि भाडे भरल्याचे मेसेज यांचे फोटो आधीच बहिणीला पाठवून ठेवावेत. या कायद्याखाली पीडितेला मदत करायला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक आहे. तो प्रत्येक सोसायटीच्या फलकावर हिंदीतही लावा.

— एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे